बारीक अक्षर

वीस बाय दहाचा होता तो.
लक्ष्मीपुरीत माझ्या मशीनवर रात्री दोनला निघाला,
शाई वाळायच्या आत पोरांनी उचलला.
‘कोल्हापूरची शान शाकंभरी हुपरे. मत द्या.’
खाली अकरा पुढाऱ्यांचे फोटो,
त्यातल्या एकानंही तिला कधी ऐकलं नव्हतं.

मी स्वतः बावीस मेसेज टाकले.
ती पाचवी येऊन बाहेर पडली.
परीक्षक रडले,
लगेच जाहिरात लागली.

फ्लेक्स आता गंगावेशीत एका गोठ्यावर आहे.
दुपारच्या उन्हात म्हशी तिच्या हनुवटीखाली
रवंथ करत बसतात.
मताचा नंबर अजून वाचता येतो.

काल ती आली.
स्कूटीवर, पायाशी पेटी.
क्लासची कार्डं हवी होती, शंभरच.
‘टीव्ही फेम टाकू?’
जरा वेळ गप्प राहिली.
‘टाका. त्यानं पालक येतात.
पण बारीक.
आणि सकाळी सहा, हे ठळक.
त्यानं पोरं गळतात.
उरतील त्यांना शिकवीन.’

मागच्या बिलाचं मी काढलं नाही.
ते अकरांकडं आहे.
अक्षर कमी करत गेलो,
आठ,
सात,
सहा.
ती पडद्याकडं वाकून बघत होती.
बोटानं खूण केली,
अजून.