करडा रकाना

सोहारच्या बंदराआड आमचं प्रीकास्टचं यार्ड,
यार्डाच्या टोकाला पत्र्याची लॅब,
तिच्यात क्यूब फोडायचं यंत्र आणि दोन एसी.
एक बोलतो, दुसरा नुसता गळतो.

आज सकाळी सईद अल-बलूशीनं
माझ्या नावापुढे एक खूण केली.
तेवढंच. चहासुद्धा नाही.
"आता तुला उघडता येईल," म्हणाला,
"अख्ख्या यार्डात तिघांनाच.
मी, जेसामिन, आणि तू."

अकरा वर्षं पाहतोय मी तो रकाना.
एकदा जतन केलं की करडा होतो,
कोपऱ्यात मुगाएवढं कुलूप.
कितीही बोटं आपटा, कर्सर आत शिरत नाही.
चावडीतल्या तलाठ्यासारखा
वर बघतच नाही.

पहिली दुरुस्ती प्रबीर माइतीची.
रात्रपाळीचं पोर, डोळे मिटता मिटता
४३.६ चे ३४.६ करून बसलेलं.
अठ्ठावीस दिवस पाण्यात राहिलेला क्यूब
एका उलट्या आकड्यानं नापास.
मी आधी कच्ची वही काढली.
पानावर त्याचा सिमेंटचा अंगठा,
आकडा पेन्सिलीतला, पण स्वच्छ.
मग कुलपावर टिचकी मारली.
रकाना पांढरा झाला,
नुकत्याच सारवलेल्या जागेवर पाय ठेवावा तसं
बोट जरा थबकलं.

कारण लिहा, म्हणाला, दहा अक्षरांच्या वर.
लिहिलं.
पासवर्ड पुन्हा मागितला. नक्की तूच ना?
मीच.
४३.६ बसला. पण ३४.६ गेला नाही.
खाली बारीक अक्षरांत, आडवी रेघ अंगावर घेऊन,
शेजारी माझं नाव, तारीख, वेळ सेकंदासकट.
शाळेत रबरानं खोडताना पान फाटायचं.
इथे पान फाटत नाही,
चूक तिथेच बसून राहते पंगतीत,
तिला कुणी उठवत नाही.

दुपारी फोन. उत्पादनाचे कोशीसाहेब.
"बिराजदार, तो ३८.९ चाळीस कर.
एक पूर्णांक एकचा तर प्रश्न आहे.
ट्रक उभा आहे फाटकावर.
आणि तुला आता अधिकार मिळालाय."

उघडला. खोटं कशाला सांगू, उघडला.
कारण लिहा, दहा अक्षरांच्या वर.
'ट्रक उभा आहे.' सहाच भरली.
'साहेबांनी सांगितलं म्हणून.'
भरली. अकरा.
बघत बसलो.
इतकं खरं कारण कुणी लिहिलं नसेल त्या चौकटीत,
आणि नेमकं तेच पाठवता येईना.

मागच्या दारानं बाहेर गेलो.
फोडलेल्या क्यूबांचा ढीग, ऊन पन्नासाला टेकलेलं,
निळ्या मार्करनं लिहिलेला तो नंबर सापडला.
सावलीत त्याच्यावर मांजर बसलेलं. हललं नाही.
मी एक कोपरा दाबला,
चिमटीत भाकरीच्या पिठासारखं काही उरलं.

आत येऊन 'रद्द' दाबलं.
रकाना परत करडा.
खाली मात्र नवी ओळ:
उघडला. बदल नाही. १५:४२:०९.
म्हणजे हेही लिहितो तो.

रात्री कॅम्पात खोलीवर
रेसिडेंट कार्ड काढून पाहिलं, उगाच.
जन्मतारीख एक जून.
औशाच्या शाळेत गुरुजींनी
अर्ध्या वर्गाला एका दमात दिलेली.
आई म्हणते, येळवशीच्या आदल्या रात्री
आंबील घुसळताना कळा आल्या.
हुद्दा: हेल्पर.
तिथे कुलूप दिसत नाही,
टिचकी कुठे मारायची?
आणि कुणी उघडून दिलंच,
तर कारण काय लिहू, दहा अक्षरांच्या वर?

तेवढ्यात प्रबीरचा मेसेज:
'दादा, आकडा ठीक झाला, पण माझी चूक
अजून खाली दिसते. ती काढता येईल?'

'नाही रे,' मी लिहिलं.
'राहू दे.
शेजारी माझंही नाव आहे.'