तीन इंचांचं भोक

कामाच्या कागदावर लिहिलंय: स्प्लिट एसी, दोन टनी, नग एक.
भिंत जुनी. जपून.
जपून म्हणजे किती, ते शशिधरन सांगत नाही.
तो गाडीत बसून कुणाशी तरी भांडतोय.

मुहर्रकच्या आतल्या गल्लीत, मोतीवाल्याच्या घरामागे
ही लांबट खोली, घराकडे पाठ करून बसलेली.
मला तीन इंचांचं भोक पाडायचंय.
कुठे, ते ठरत नाही.

वीट नाहीच कुठे. समुद्रातून कापून आणलेला दगड,
त्यात शिंपले अजून तोंड उघडून.
नखाने खरवडलं तर पीठ पडतं.
जिभेला लावलं. खारट.

दाराशी जुमा बिन सालमीन. राखणदार.
वय विचारलं की हसतो.
"इधर घोडा था," म्हणतो. हिंदी त्याची मुंबईची, फार जुन्या बनावटीची.
गव्हाण दाखवतो. भिंतीतली कडी दाखवतो.
छातीच्या उंचीला एक आडवी बल्ली, कडेने कुरतडलेली,
कंटाळलेल्या दातांची.
घोडे इथे थांबायचे फक्त, वारा फिरेपर्यंत.
मग पोटाखाली पट्टे बांधून गलबतात, मुंबईला.
त्याचा आजोबा बरोबर जायचा, खरारा करत,
भायखळ्याला गिऱ्हाईक जबडा उघडून दात मोजायचं
तेव्हा तोंड फिरवून उभा राहायचा.
मी काही बोललो नाही.
माझंही मेडिकल झालं होतं, निघण्याआधी. दातांसकट.

मोत्यांचा भाव पडला, घोडे संपले.
मग खजुरांची पोती, छतापर्यंत.
जमिनीत अजून पन्हळी आहेत, बोट जाईल एवढ्या,
वरच्या वजनाने रस गळायचा, रांजणात उतरायचा.
"दिब्स," जुमा म्हणाला.
"काकवी," मी म्हणालो.
त्याने शब्द तोंडात घोळवला आणि परत दिला: काकोवी.

मग शेळ्या. मग जनरेटर, त्याचा काळा डाग छतावर आहेच.
मधल्या काळात घरात वाजलं की त्याची आत्या
गादी घेऊन इथे यायची झोपायला.
कधी तीन दिवस, एकदा अख्खा उन्हाळा.
नवरा दाराबाहेर कलिंगड ठेवून जायचा.

आणि मग नऊ माणसं, तीन मजली खाटा.
हे जुमाने सांगितलं नाही, मीच वाचलं.
शिडीवर चढलो तर वरच्या खाटेच्या उंचीला
पेन्सिलीने, आपल्या अक्षरात:
गॅस ३. तांदूळ ५. मासळी दीड.
हनीफ मुकादमकडून येणे २ दिनार.
खाली एक रेघ, रेघेखाली काही नाही.

उद्या इथे कॉफी मिळेल. नावही ठरलंय: इस्तबल.
डिझायनर बाई सकाळी येऊन खुणा करून गेल्या,
कडीला हिरवी, गव्हाणीला हिरवी,
कुरतडलेल्या बल्लीला हिरवी, दोनदा.
पेन्सिलीला लाल.
"घोड्यांचं राहू दे. हे चुन्याखाली जाईल."

मी टेप काढला. नकाशात एसी दाराच्या वर होता.
शशिधरनला सांगितलं, तिथे दगड पोकळ आहे, धरणार नाही.
तो बघायला उतरला नाही.

पत्रा हिशेबावर बसवला. चार स्क्रू,
एकही आकड्यात जाऊ दिला नाही.
दीडच्या शेजारचा जरा तिरका गेला, तेवढा चालेल.
भोक बाजूला पाडलं, हळू, हातानेच जास्त.
तीन इंच समुद्र पांढरा होऊन खांद्यावर पडला.
जुमा खालून शिडी धरून होता.
"क्या लिखा है?"
"उधारी."
"किसका?"
मी मशीन वर चढवलं.

चालू केल्यावर खोलीने आधी जुना वास सोडला,
डिझेल, कोंडा, गोड काहीतरी.
पाण्याची नळी बाहेर काढायला जागा नव्हती,
तात्पुरती गव्हाणीत सोडली.
थेंब पडायला लागले.
एक मांजर आलं, वाकून पाहिलं,
प्यायलं नाही.