बेचिराख

महसुलात एक शब्द आहे, बेचिराख.
लोकांना वाटतं त्यात राख आहे.
नाही, चिराग आहे.
दिवा नसलेलं गाव.
त्यासाठी जळावं लागत नाही,
पेटायचं थांबलं की पुरे.

सावरमाळ माझ्या सज्ज्यातलं.
गारगोटीहून सुटणाऱ्या गाडीवर पाटी अजून त्याचीच,
पण एसटी फाट्यावरनंच वळते.
पुढं दीड तास पायी.
वर गेलं की झाडं एकदम संपतात.
कातळ, कातळावर गुडघाभर गवत,
आणि वारा सुटला की अख्खा माळ
एका अंगानं उजळतो, दुसऱ्या अंगानं विझतो.

आधी नुसते झोऱ्यांचे चार गोठे.
मग कुणा साहेबानं तांबडा दगड फोडून हुंगला म्हणे,
आणि अडुसष्टला वायररोप आली.
लोखंडी बादल्या दरी ओलांडून
माती घेऊन खाली जायच्या, रिकाम्या वर यायच्या.
एकदा एका रिकामीतून
यल्लव्वाची सवत आली, ट्रंकेसकट.
ते भांडण खालच्या तीन गावांनी ऐकलं.

दस्तगीर शिकलगारची पिठाची गिरण होती.
शाळा होती, दोन शिक्षकी.
शनिवारी तंबूत सिनेमा.
वाऱ्यानं पडदा फुगायचा
आणि हिरोला पोट सुटायचं.
खानेसुमारीत सहाशे बारा माणसं.
आकडा माझ्या आधीच्या तलाठ्याच्या हातचा,
सहाचं शेपूट लांब ओढलेलं, ऐटीत.

माती संपली नव्हती म्हणतात,
भाव संपला.
एका दुपारी बादल्या होत्या तिथं थांबल्या,
अकरा बादल्या, दरीवर लोंबत.
पुढच्या उन्हाळ्यात त्यांत साळुंक्या व्याल्या.
दस्तगीरनं गिरणीचा पट्टा खांद्यावर टाकला
नि इचलकरंजी गाठली.
कोण शिरोलीला फाउंड्रीत, कोण गोव्याला.
शाळेचा पट एकावर आला,
आणि तो एक मास्तरांचाच मुलगा.

राहिली ठकूबाई झोरे.
दोन म्हशी, एक कंदील.
कंपनीच्या आधीपासनं तीच होती.
सगळ्या त्या चाळीस वर्षांबद्दल
तिचं म्हणणं एवढंच :
पावणं आल्तं, ग्येलं.

साहेबांना तक्ता हवा होता, मार्चअखेर.
मी चढून गेलो, हे लिहून ठेवतो, मी चढून गेलो होतो.
दाराला सुतळी बांधलेली.
म्हशी नाहीत, धूर नाही.
मी तिथंच मांडीवर कागद धरून लिहिलं
बेचिराख.
खाली सही. शिक्का घरी येऊन मारला.

ती सीपीआरला होती, आठ दिवस, मोतीबिंदूला.
म्हशी भाच्याकडं.

डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन सज्ज्यावर आली,
तांब्याभर ताक टेबलावर ठेवलं,
म्हणाली, "माझं नाव हाय न्हवं कागदात?"
"हाय की," मी म्हणालो.

दुरुस्ती होते, होत नाही असं नाही.
अर्ज लागतो, पंचनामा लागतो,
दोन साक्षीदार लागतात,
त्याच गावचे.

पुढं चार वर्षं
फाट्यावर उशीर झाला की मी वर बघायचो.
एक ठिपका, पिवळा.
सरकारदरबारी नसलेला.

आता तोही नाही.
कुठल्या रात्रीपासनं, ते विचारू नका.
त्या पावसाळ्यात माझी बदलीची धावपळ होती.
माझा कागद तेवढा खरा झाला.

यंदा पीकपाहणीला गेलो.
पिकाच्या रकान्यात लिहिलं, गवत.
क्षेत्र, संपूर्ण.
शेऱ्याची जागा कोरी सोडली.
पिशवीत तिचा तांब्या नेला होता, कल्हई करून.
चुलवण कुठलं, उंबरा कुठला, काही लागेना.
थोडा वेळ कातळावर ठेवून बघितला.
वाऱ्यानं त्यात आवाज धरला.
परत घेऊन आलो.