जाडी

दिवसा माझ्या हातात प्रोब असतो, आगपेटीएवढा.
टाकीच्या पत्र्याला जेल फासायचं, प्रोब टेकवायचा,
पोलाद आपण होऊन सांगतं:
बारा पूर्णांक चार. अकरा पूर्णांक नऊ.
वहीत लिहायचं, खडूनं गोल करायचा, पुढं सरकायचं.
फहाहीलच्या दक्षिणेला अशा टाक्यांच्या रांगा आहेत
आणि त्यातली प्रत्येक कुठूनतरी
कोणाला न सांगता झिजत असते.

जूनपासून अकरा ते चार उन्हात काम बंद.
खोलीत पडदा ओढून, मांडीवर लॅपटॉप घेऊन
मी एका खेळासाठी जपानी रणगाडे बांधतो.
म्हणजे, जे धड झालेच नाहीत, ते.

दीडशे टनांचा एक, म्हणतात, बांधला होता अर्धामुर्धा.
चाचणीला निघाला आणि स्वतःच्याच वजनानं रुतला,
मग तोडून वितळवला.
उरले दोन-चार आराखडे, त्यावर कोणाचा तरी पुसट शिक्का,
आणि रकाने. रिकामे.

खेळाला रिकामा रकाना चालत नाही.
खेळ विचारतो, पुढची जाडी किती? कुशीची?
बुरुजाच्या पाठीमागची,
जिथं बघायला कोणी गेलंच नव्हतं?
कामावर हात पोहोचला नाही तर मी 'पोहोच नाही' लिहितो
आणि खाली सही करतो.
इथं सही मागणारं कोणी नाही.
पंचाहत्तर लिहितो. खोडतो. ऐंशी.

आईला फोनवर म्हणालो, टँकचं काम चाललंय.
ती म्हणाली, ते तर तुझं रोजचंच, जेवलास का?

आत अकरा माणसं बसायची.
खेळाला माणसंही लागतात,
मेली की वजा करायला.
मी त्यांना गुडघे दुमडून बसवलं,
एकाचं डोकं दुसऱ्याच्या बुटांपाशी.
आमच्या खोलीत आठजण झोपतात,
त्या मानानं त्यांचं फार वाईट नव्हतं.

आवाज मात्र अडला.
न चाललेल्या इंजिनाचा आवाज कुठून आणायचा?
रात्री दोनला गच्चीवर गेलो,
एसीचे सगळे कॉम्प्रेसर एकदम घरघरत होते,
मोबाइल त्यांच्यामध्ये ठेवला, बाजूला उकिडवा बसलो.
मग तो आवाज खाली खाली ओढत नेला,
पलंगाची पट्टी थरथरेपर्यंत.

वरच्या पलंगावरून एफ्रेननं मान काढली.
परांच्या बांधतो तो, तार्लाकचा आहे.
असा नव्हता, म्हणाला.
तू कुठं ऐकलास?
मी नाही. माझ्या आजीनं.
ती सात वर्षांची होती, उसात लपलेली.
रणगाडे तिनं पाहिलेच नाहीत.
ती सांगायची, घरघर नव्हे,
कोणीतरी फरशीवरून जड पेटारा ओढतंय
आणि थांबतंय.
ओढतंय, आणि थांबतंय.
ओढण्याची भीती नव्हती वाटत, म्हणायची.

मी आवाज मधूनच कापला.
दोन सेकंद काहीच नाही, मग पुन्हा.
कापताना किती सोपं होतं ते.
एफ्रेननं हेडफोन लावले, एकदाच ऐकलं,
काढून माझ्या हातात दिले.
मग चादर डोक्यावर घेत म्हणाला,
हा पेटायला किती लागतं?
ते मीच ठरवायचंय, म्हणालो.
बराच वेळ काही नाही. मला वाटलं झोपला.
मग चादरीतून, मागं जरा पातळ ठेव.

इतिहास नव्हता तो. अंदाजही नव्हता.
ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, एकोणीस नंबरची टाकी,
खालून तिसरा पत्रा, समुद्राकडची बाजू.
प्रोबनं सहा दाखवलं.
पुसून, नवं जेल लावून परत टेकवला. सहा.
खडू शोधायला खिशात हात घातला,
तर वरच्या फळीवरून एफ्रेन वाकून विचारत होता,
किती?