रात्री सव्वादोन

कॉलेजातली मुलगी आली होती जळगावहून,
पिशवीत अकरा पट्टे, प्रत्येकाला काडेपेटीएवढं यंत्र,
आणि एक चिमटा, दंडाची कातडी उचलून चरबी मोजायचा.
"दुखत नाही," म्हणाली, आणि आधी माझ्याच दंडाला लावला.
पोरं हसली.
मी आकडा विचारला नाही.

शबनूर तडवीच्या दंडावर चिमट्यात धरायला काही सापडेना.
पट्टा बांधला तशी सुटली
केळीच्या बागेपर्यंत, आणि परत, आणि पुन्हा.

मग हितांश. झोपे आडनावाचा.
वर्षाचा असताना सुदृढ बालक म्हणून पहिला आला होता.
स्टीलचा डबा मिळाला,
नाव मीच पुकारलं होतं.
अठरा वर्षं मी तक्त्यावर खालचीच रेघ बघत आले:
कोण घसरलं, कुणाला अंडं जास्त द्यायचं.
वरून कुणी निसटतंय का
हे बघायला कुणी शिकवलं नाही. मीही विचारलं नाही.

त्याचं घर रस्त्याला लागून.
दारावरून केळीचे ट्रक जातात, दिल्लीच्या घाईनं.
मागे शेततळं, कुंपण नसलेलं.
आई ओट्यावरून ओरडते, "कुठी चालला रे? पडशीन!"
तो परत बाजेवर. मोबाईल. वेफर्सची पुडी.
बाजेचा सुंभ त्याच्याएवढा खोल झालेला.

आठ दिवसांनी पट्टे परत आले.
मुलीनं लॅपटॉपवर रेघा दाखवल्या.
शबनूरची म्हणजे नुसता सातपुडा.
हितांशची सपाट,
फक्त एका जागी, रात्री सव्वादोनला,
पाच मिनिटं उभे सुळके.
"यंत्र बिघडलं असेल," ती म्हणाली. "हे धरायचं नाही."

त्याची आई कळण्याची भाकरी थापत होती.
"झोपीत लाथा मारतो वं बाई.
पांघरूण टिकत नाही अंगावर.
पाय असे चालता,
जसा कोनाच्या मांगं लागेल हाये."
आणि हात परातीतच थांबला तिचा.

आज सकाळी मी दाराशी जाऊन बोट पुढे केलं.
एक ट्रक जाऊ दिला. मग अजून एक.
मग पलीकडे, मारुतीच्या मागची मोकळी जागा,
तिथं शबनूर जुनं टायर घेऊन उभी.
तो पळाला नाही.
चालला, धापा टाकत, माझं बोट गच्च धरून.
विसाव्या पावलावर म्हणाला, "अजून?"

दमून विचारलं की हावेनं,
मला कळलं नाही.
मी हो म्हटलं.