गुडघा म्हणजे नेमके किती

समीक्षक क्रमांक दोन विचारतात :
‘गुडघा म्हणजे नेमके किती?’

पत्र रात्री पावणेबाराला आले.
समीक्षकाला नाव नसते, गाव नसते,
आणि ज्याला गाव नाही त्याला कसे सांगू
की नाशकात पूर मीटरमध्ये येत नाही.
तो येतो दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला,
मग गुडघ्याला, मग कमरेला,
आणि छातीला लागला की
भांडीबाजारातली माणसे काही न बोलता
खालच्या फळीवरची पातेली वरच्या फळीवर ठेवू लागतात.

चार वर्षांपूर्वी आराखडा केला तेव्हा सोपे वाटले होते.
उद्दिष्टे तीन, गृहीतक एक, महिने अठरा,
खर्चाच्या रकान्यात : रिक्षा.
विभागप्रमुखांनी चष्मा कपाळावर सरकवला,
‘थेटे मॅडम, ह्यात नवीन काय?
मारुती तर सगळ्यांनाच माहीत आहे.’
मी म्हटले, माहीत आहे सर, लिहिलेला नाही.

तेही खरे नव्हते.
लिहिलेला होता.
कचरूभाऊ लोणारींच्या नारळाच्या टपरीत, आतल्या फळीवर,
वडिलांच्या हातचा गेरूने, त्यांच्या हातचा पेन्सिलीने :
‘घोटा. श्रावण वद्य तृतीया. दुकान हलवले.’
‘कंबर. रात्री दोन. झोप नाही.’
एका ओळीत नुसते ‘गळा’
आणि पुढे बोटभर कोरी जागा.
बेचाळीस नोंदी.
मी त्यांना नमुना म्हटले.

पहिल्या नियतकालिकाने चार दिवसांत परत पाठवले.
दुसऱ्याने पाच महिने धरून ठेवले
आणि कळवले, विषय स्थानिक आहे.
नदी कुठली स्थानिक नसते?
अधूनमधून मेल यायचे, आदरणीय विद्वान,
आपला अमूल्य लेख बहात्तर तासांत छापू, फक्त अठरा हजार.
शेजारच्या खुर्चीतल्या सरांचे एका वर्षात सात झाले,
पेढेही आले.
मीसुद्धा एकदा ओटीपी येईपर्यंत गेले होते.
तो आला. मी मोबाइल उपडा ठेवला.
दहा मिनिटांनी तो आपोआप मेला.

तर, गुडघा.
रविवारी सकाळी टेप घेऊन घाटावर गेले.
देवाच्या अंगाला लावायची म्हणून
कचरूभाऊंनी ती आधी गंगेत बुडवून काढली,
शून्याचे टोक स्वतः धरले
आणि वाकल्या वाकल्या म्हणाले,
‘कोणाचा गुडघा मोजताय, ताई?
दर सिंहस्थाला इथली फरशी वर येते.
आम्ही वरून बघतो, वरूनच लिहितो.
वडिलांचा गुडघा अन् माझा गुडघा
एक नाही.’

म्हणजे शून्यच हलत होते.
चार वर्षे मी ज्या रेषेला चढती म्हणत होते
ती त्या रात्री लॅपटॉपवर
हळूहळू आडवी झाली.
गृहीतक गेले.
चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला.

समीक्षक महोदय,
आपला प्रश्न रास्त आहे. मला तो पडायला हवा होता.
तक्ता तीन बदलला आहे. निष्कर्ष मागे घेतला आहे.
त्रुटी : अधिक-उणे चार बोटे,
बोटे कचरूभाऊंची.
आपण मूळ विदा सर्वांना खुली आहे का असे विचारले आहे.
आहे. पहाटे सहापासून, नारळ बाजूला केले की.

लेखकांच्या यादीत दुसरे नाव घातले.
अर्जाने संस्था मागितली, रकाना सक्तीचा.
‘गोदाघाट’ लिहिले.
पान लाल झाले नाही, पुढे सरकले.

आता स्थिती एवढीच : संपादकांकडे.

परवा धरणातून पाणी सोडले.
संध्याकाळी गेले तर टपरी वर हलवलेली,
फळीवर ताजी पेन्सिल :
‘गुडघा. नवा.’
‘छापून आलं का?’ त्यांनी विचारले.
मी म्हटले, अजून नाही.
त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली
आणि पाण्याकडे बघत राहिले,
कंबर येते का ते.