दुसरी पातळी

कोपरखैरणे. लॅबच्या वरचा हॉल,
एसीचं पाणी टपकतंय बादलीत.
फणसेकर मॅडम म्हणाल्या, थेंब थांबवू नका,
त्याच्याच पायऱ्या करा आणि उतरा.

जोडीला कळव्याचे डेंटिस्ट, मुकादम.
'सिस्टर, डावा हात पाण्यात सोडा,
खाडीच्या गार पाण्यात, बधिर होऊ दे हळूहळू...'
आवाज छान. पण माझे बाबा
उरणच्या मिठागरात होते,
टाचांच्या भेगांत ते पाणी शिरलं की
ओठ दाबून धरायचे.
हात झोंबला. डोळे उघडले.

मुकादम ओशाळले नाहीत. वहीतली एक ओळ खोडली,
विचारलं, 'मग तुमचं गार काय?'

अकरा वर्षं जळीत वॉर्डात
'दुखणार नाही हं' म्हणत पट्ट्या सोडवल्या;
हे कुणाला विचारलं नव्हतं मी.

स्टीलचा ट्रे, म्हणाले शेवटी.
दोन पेशंटांच्या मधे तळवा टेकवते त्यावर,
कुणी बघत नसताना.

'मग टेकवा.'

टोचलं म्हणे त्यांनी. दोनदा.
मला थेंब ऐकू येत होता.

उद्या सात नंबरच्या खाटेवरच्या पोरीला
आधी विचारेन.